वजन मोजतो, विकास कधी मोजणार?

अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन एक आई बाह्यरुग्ण विभागात आली होती. तक्रार एकच: ‘बोलत नाही.’ निवासी डॉक्टरने मुलाचे वजन केले, उंची मोजली, डोक्याचा घेर घेतला, लसीकरणाचे कार्ड पाहिले. सारे यथास्थित. केसपेपरवर ‘वाढ वयानुरूप’ अशी नोंद करून त्याने आईची समजूत घातली, ‘मुलगे जरा उशिराच बोलतात. अंगणवाडीत घाला, चार मुलांत मिसळला की बोलू लागेल.’ बाहेर रांगेत अजून साठ-सत्तर मुले होती. त्या तरुण डॉक्टरने कामचुकारपणा केला असे मी म्हणणार नाही. त्याला जे शिकवले होते, ते त्याने चोख केले.

मी शेजारच्या टेबलावरून उठून त्या आईला एवढेच विचारले, ‘चांदोबा दिसला की हा बोट दाखवतो का? बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतो का?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘नाही हो मॅडम. बोट कधीच दाखवत नाही. काही हवं असलं की माझा हात धरून नेतो आणि त्या वस्तूवर नेऊन ठेवतो.’ या एका वाक्यात तपासणीची दिशा सापडली होती. मुलाला श्रवणचाचणीसाठी आणि विकासाच्या सविस्तर तपासणीसाठी पाठवले. संध्याकाळी तो निवासी डॉक्टर येऊन म्हणाला, ‘मॅडम, पुस्तकात हे वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण मुलात कुणी दाखवलं नव्हतं.’

बालरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणातली उणीव याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

वाढ आणि विकास हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढ काट्यावर आणि टेपवर मोजता येते. विकास म्हणजे मूल काय करू लागले: दोन महिन्यांच्या सुमारास ओळखीचे हसू, सात-आठ महिन्यांत आधाराशिवाय बसणे, वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी. त्यातही बोलणे हा भाषेचा फक्त वरचा थर असतो. त्याच्या खाली नजर मिळवणे, हाकेला वळणे, बोटाने दाखवणे, आपला आनंद दुसऱ्याला दाखवून वाटून घेणे हे सारे असते. ते ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाबरोबर जमिनीवर बसून घालवलेला अर्धा-पाऊण तास लागतो आणि आईचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकण्याची सवय लागते. पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या तीन वर्षांत या दोन्ही गोष्टींना फारशी जागा नसते.

हा प्रश्न मोजक्या मुलांचा नाही. हरियाणातील पलवल, हिमाचलातील कांगडा, ओडिशातील ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. दृष्टी व श्रवणदोष, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, वाचा व भाषेचे विकार, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता आणि अध्ययन अक्षमता अशा नऊ प्रकारच्या अडचणी त्यात तपासल्या गेल्या. साधारण आठातल्या एका मुलात यांपैकी किमान एक अडचण आढळली. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार-पाच मुले. बालरोगतज्ज्ञाला कारकिर्दीत जितके जन्मजात हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचे विकार दिसतील, त्यांच्या कितीतरी पट अधिक ही मुले दिसतील. दिसतील म्हणजे समोर येतील. ओळखली जातील का, हा पुढचा प्रश्न.

या प्रश्नाला एक आनंदाची बाजूही आहे. २००० साली महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे ४८ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा १६ वर आला. नवजात शिशू विभागांनी, लसीकरणाने आणि आशाताईंच्या पायपिटीने हे घडवले. पण कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मतःच न रडलेली जी बाळे आज वाचतात, त्यांच्यात विकासाच्या अडचणींचा धोका अधिक असतो. त्यांना घरी पाठवताना आपण वजन किती वाढले ते सांगतो. पुढची दोन-तीन वर्षे त्यांचा विकास कोण पाहणार, याचे उत्तर मात्र बहुधा कुणाजवळच नसते. जीव वाचवणे हे अर्धे काम झाले, उरलेले अर्धे शिकवायचे राहून गेले.

उशिराची किंमत मला ठाऊक आहे, कारण ती एका मुलीने माझ्यामुळे मोजली. वीसेक वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईला मीही म्हणाले होते, ‘थोडी वाट बघू.’ मुलगी शांत होती, त्रास देत नव्हती, एकटीच खेळायची. शांत मुलगी म्हणजे गुणी मुलगी, असे आपल्याकडे घरातही मानतात आणि दवाखान्यातही. ती पुन्हा आली तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेने घ्यायला नकार दिला होता. मधल्या चार वर्षांत आईने वेखंड चाटवून पाहिले होते, कुणाच्या सांगण्यावरून जिभेखालची शीर कापून आणली होती, नवस केले होते आणि सासरचे बोल ऐकले होते. जीभ चिकटलेली असल्याने उच्चार क्वचित अडखळतात, पण भाषा अडत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवे होते. तिला सांगायचे काम माझे होते.

पहिल्या दोन वर्षांत मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. याच काळात चेतापेशींच्या जोडण्या झपाट्याने होत असतात आणि अनुभवानुसार त्यांची छाटणी चालू असते. म्हणून बहिरेपण सहाव्या महिन्यात कळणे आणि चौथ्या वर्षी कळणे यात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. ऑटिझममध्ये लवकर मदत मिळाली म्हणजे मूल ‘बरे’ होते असे नव्हे, कारण तो ताप-खोकल्यासारखा बरा होण्याचा आजार नाही. पण त्या मुलाला आपली तहान, भीती, दुखणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा मार्ग लवकर सापडतो, आणि आईवडिलांना आपल्या मुलाची भाषा समजू लागते.

येथे ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या शब्दाचा विचार करायला हवा. मराठीत त्याला मेंदूंची विविधता म्हणता येईल. हा शब्द रुग्णालयात जन्मला नाही. १९९० च्या दशकात ऑटिस्टिक व्यक्तींच्या आपापसांतल्या चर्चांमधून ही कल्पना आकाराला आली, आणि ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या विद्यार्थिनी जुडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात तिची मांडणी केली. सांगणे साधे आहे. सगळ्या माणसांचे मेंदू एकाच साच्यातले नसतात. वेगळेपणा म्हणजे दर वेळी बिघाड नव्हे. आणि त्या माणसाला होणाऱ्या त्रासाचा मोठा वाटा त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेतून येतो. गोंगाटाने कासावीस होणाऱ्या मुलाला कान झाकू न देणारा वर्ग हीसुद्धा एक अडचणच आहे.

या विचाराचा अर्थ उपचार नकोत असा कुणी काढला तर तो चुकीचा ठरेल. ज्याला झटके येतात त्याला औषध हवेच, ज्याला बोलता येत नाही त्याला चित्रांचे किंवा खुणांचे साधन हवेच. बदलते ते उद्दिष्ट. मुलाला ‘नॉर्मल’ दिसायला लावणे हे उद्दिष्ट राहत नाही. त्याला सुखाने आणि शक्य तितके स्वतःच्या मर्जीने जगता येणे, हे उद्दिष्ट होते. कायदा या दिशेने पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यताप्राप्त दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यात ऑटिझमबरोबर अध्ययन अक्षमताही आली. वॉर्डातली आमची भाषा मात्र अजून मागे आहे. ‘मतिमंद’ हा शब्द शासकीय कागदांतून गेला, पण तोंडातून पुरता गेलेला नाही. ‘स्वमग्न’ हा शब्द रूढ आहे, पण तो ऐकून पालकांना वाटते की मूल मुद्दाम आपल्यातच रमले आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना माणसे हवी असतात, जवळ जाण्याची त्यांची वाट वेगळी असते. निदान सांगताना डॉक्टर कोणता शब्द निवडतो, यावर त्या घराची पुढची काही वर्षे अवलंबून असतात. हे शिकवण्याचा तास वेळापत्रकात कुठे असतो?

या विषयाचा इतिहासही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली अशा मुलांचे बारकाईने वर्णन केले, पण दीर्घकाळ ते दुर्लक्षित राहिले. लिओ कॅनर यांचा अकरा मुलांवरचा प्रसिद्ध लेख १९४३ चा. पुढची काही दशके वैद्यक आयांनाच दोष देत राहिले: आई थंड, मायेची नाही, म्हणून मूल असे. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी हा समज खोडून काढणारे पुस्तक लिहिले. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. ऑटिझम हा एक विस्तृत पट आहे, ही कल्पना रुजवणाऱ्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांची मुलगी ऑटिस्टिक होती. म्हणजे डॉक्टरांना जे दिसले नाही ते घरात दिसले. आपल्याकडे आज ‘आईने मोबाईल दिला म्हणून’ हे वाक्य जुन्या दोषारोपाची जागा घेऊ पाहते आहे. लहान मुलांच्या हातातला मोबाईल कमी व्हायलाच हवा, त्याने बोलण्याच्या संधी कमी होतात. पण ऑटिझमचे मूळ मुख्यतः जनुकीय आणि जन्मापूर्वीच्या घडणीत असते. आईच्या डोक्यावर मोबाईलचे खापर फोडून डॉक्टर मोकळा होतो, मुलाला काहीच मिळत नाही.

आपल्याकडे ज्ञानाची परंपरा नाही, असेही नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या विकासाची मोजमापे तयार केली. त्यातून आलेली ‘डासी’ ही चाचणी जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत वापरली जाते. तिच्यात हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ टप्पे आहेत. बडोद्याच्याच मोजमापांतून निवडक १७ टप्पे घेऊन तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने एक साधा तक्ता बनवला. तो काही मिनिटांत भरता येतो. हा तक्ता माहीत नसलेला एमडीचा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. पण तो स्वतःच्या हाताने पन्नास मुलांवर वापरलेला विद्यार्थी मला अजून शोधावा लागतो.

मग करायचे काय? नवा विभाग, नवी पदे, नवी इमारत अशी मागणी करणे सोपे आहे, आणि ती धूळ खात पडेल हेही ठरलेले आहे. मुलांच्या मेंदूविकारांसाठी आणि बाल-किशोर मनोविकारांसाठी अतिविशेष अभ्यासक्रम देशात आहेत, विकासात्मक बालरोगशास्त्राच्या फेलोशिपही काही संस्था चालवतात. त्या वाढाव्यातच. पण मूठभर अतितज्ज्ञ महानगरांत बसतील आणि गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीतली आई पहिल्यांदा भेटेल ती साध्या बालरोगतज्ज्ञालाच. त्याच्या शिक्षणात बदल व्हायला हवा, आणि त्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी सरकारजवळ आधीच आहेत. त्या फक्त एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट, २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जाऊन मुले तपासतात. विकासात मागे वाटणाऱ्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक यांनी एका छताखाली काम करावे, अशी या केंद्राची रचना आहे. दुसरी गोष्ट, जिल्हा निवासी कार्यक्रम. २०२० च्या अधिसूचनेने एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले. म्हणजे विकासाचे शिक्षण देऊ शकणारे केंद्र जिल्ह्यात आहे, आणि बालरोगशास्त्राचा विद्यार्थी तीन महिने त्याच जिल्ह्यात असतो. पण तो वॉर्डात आणि रात्रपाळीत, केंद्राचा जिना न चढताच परत येऊ शकतो.

माझी सूचना एवढीच आहे. बालरोगशास्त्राच्या विद्यार्थ्याने या तीन महिन्यांपैकी एक महिना शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काढावा. पाच मुले त्याला नेमून द्यावीत. त्यांच्या चाचण्या त्याने स्वतः कराव्यात, वाचातज्ज्ञाच्या खोलीत बसून उपचार पाहावेत, एकदा पथकाबरोबर अंगणवाडीत आणि एकदा मुलाच्या घरी जावे, एका कुटुंबाबरोबर दिव्यांग प्रमाणपत्राची सारी पायपीट करावी. महिनाअखेर त्या मुलांच्या पालकांकडूनही अभिप्राय घ्यावा. अमेरिकेत बालरोगाच्या सर्वसाधारण प्रशिक्षणातच विकास आणि वर्तनासाठी एक महिना राखणे अनेक वर्षे बंधनकारक आहे. आपल्याला नक्कल करायची गरज नाही, आपला महिना आपल्याजवळ पडून आहे.

दुसरी सूचना परीक्षेबद्दल. परीक्षेत जे विचारले जात नाही ते विद्यार्थी शिकत नाही, हे आम्ही सारे परीक्षक जाणतो. प्रात्यक्षिक परीक्षेत एक जागा अशी हवी जिथे विद्यार्थी पालकाला निदान समजावून सांगेल: साध्या मराठीत, खोटी आशा न दाखवता आणि आशा न तोडता. आणि वर्गात वर्षातून निदान दोनदा शिक्षकाच्या खुर्चीवर एखादी ऑटिस्टिक प्रौढ व्यक्ती, एखादी आई बसायला हवी.

यावर आक्षेप येतील. निवासी डॉक्टर आधीच चोवीस-छत्तीस तास राबतात, त्यांच्यावर आणखी ओझे कशाला? ओझे वाढत नाही, तीन महिन्यांतल्या एका महिन्याची जागा बदलते. केंद्रांतली पदे कंत्राटी आहेत, सगळीकडे सगळे तज्ज्ञ नाहीत, मग शिकवणार कोण? ही अडचण खरी आहे, आणि ती पदे भरलीच पाहिजेत. पण विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक तिथे जाऊ लागले तर रिकाम्या खुर्च्या दिसतील तरी. ओळखून उपयोग काय, उपचार कुठे आहेत, असाही प्रश्न येईल. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली आले. तिथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन ६५ ऑटिस्टिक मुलांपैकी निम्म्यांच्या पालकांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवले. त्या घरांत पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. उपचारांना दर वेळी मोठी यंत्रे लागत नाहीत. पण ते सुरू होण्यासाठी कुणीतरी वेळेवर ओळखावे लागते.

सरकारी दवाखान्याने ओळखले नाही तर पालक बाजारात जातात. ऑटिझमवर स्टेमसेलचा उपचार मान्य नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरी जमीन विकून त्यावर लाखो रुपये घालवलेली घरे मी पाहिली आहेत. ती जागा आमच्या अज्ञानाने मोकळी ठेवली.

हे बदल होतील तेव्हा होतील, पालकांनी मात्र तोवर थांबू नये. वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेले बोलणे थांबले, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ या वाक्यावर विसंबू नका. ऐकू येते असे वाटत असले तरी श्रवणचाचणी करून घ्या. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सेवा मोफत आहे. डॉक्टर ‘वाट बघू’ म्हणाले, तर कशाची आणि किती दिवस, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

त्या अडीच वर्षांच्या मुलाचे पुढचे उपचार सुरू आहेत. त्याच्या केसपेपरवर वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांसाठी छापील रकाने आहेत. विकासासाठी नाही. त्या निवासी डॉक्टरने आता स्वतःच पेनाने एक ओळ आखून घेतली आहे आणि प्रत्येक लहान मुलाच्या कागदावर तो ती भरतो. ती ओळ छापून घ्यायला किती वर्षे लावायची, हे आता आम्हा शिकवणाऱ्यांना ठरवायचे आहे.